कर्नलला काम सांगा, पण खोळंबू नका

मोबाइलवर फोटो उघडताना ॲप तो स्वतः स्टोरेजमधून वाचत नाही. डिस्क, नेटवर्क, मेमरी यांचा ताबा ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे असतो. ॲप त्याच्याकडे मागणी करतं, तिला सिस्टिम कॉल म्हणतात. रूढ पद्धतीत मागितलेला मजकूर हाती येईपर्यंत मागणाऱ्याचं काम तिथेच अडतं.

फिरत्या हार्ड डिस्कच्या काळात हे खपून गेलं. एका वाचनाला काही मिलिसेकंद लागत, त्यापुढे कॉलचा खर्च किरकोळ होता. एनव्हीएमई एसएसडीने हेच काम मायक्रोसेकंदांवर आणलं आणि तो खर्च डोळ्यांत भरू लागला. त्यातच जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधला ‘मेल्टडाउन’ हा दोष उघड झाला. त्यावरच्या उपायांमुळे अनेक प्रोसेसरांवर प्रत्येक सिस्टिम कॉल आणखी महागला.

न थांबता वाचण्याची सोय लिनक्समध्ये आधीही होती, पण तुटपुंजी. कर्नलच्या कॅशला वळसा घालून वाचलं तरच ती भरवशाची, आणि काम सोपवतानाच प्रोग्राम अडकण्याची भीती असायचीच. मे २०१९ मध्ये लिनक्स ५.१ सोबत येन्स ॲक्सबो यांनी रचलेलं ‘आयओ-युरिंग’ आलं आणि चित्र पालटलं.

यात प्रोग्राम आणि कर्नल या दोघांच्याही हाताशी असलेल्या मेमरीत दोन वर्तुळाकार रांगा असतात. पहिल्या रांगेत प्रोग्राम ६४ बाइटची नोंद लिहितो: कोणती फाइल, कुठून, किती वाचायची, कोणत्या बफरमध्ये ठेवायची. काम झालं की कर्नल दुसऱ्या रांगेत साधारणपणे १६ बाइटचं उत्तर ठेवतो. कामं सांगितल्या क्रमानेच संपतील असं नाही. म्हणून प्रोग्राम नोंदीत स्वतःचा एक आकडा घालतो आणि कर्नल तो उत्तरासोबत जसाच्या तसा परत देतो, हॉटेलातल्या टोकनसारखा. अनेक नोंदी लिहून एकच कॉल पुरतो. कर्नलचा एक थ्रेड रांगेवर सतत नजर ठेवून असेल, तर तोही बहुतेक वेळा लागत नाही.

अशा इंटरफेसची खरी परीक्षा वेगापेक्षा जबाबदारीच्या वाटणीत असते. उत्तर येईपर्यंत बफर कर्नलच्या हवाली असतो. प्रोग्रामने तो मध्येच दुसऱ्या कामाला लावला, तर उशिरा आलेला मजकूर भलत्याच माहितीवर लिहिला जाईल. काम रद्द करायला सांगितलं, तरी त्याचं उत्तर आल्याशिवाय बफर मोकळा झाला असं धरता येत नाही.

दुसरा प्रश्न सुरक्षेचा. कोणत्या प्रोग्रामला कोणते सिस्टिम कॉल करू द्यायचे हे ‘सेककॉम्प’ नावाची चाळणी ठरवते. रांगेत लिहिलेली कामं मात्र तिला दिसतच नाहीत. शिवाय नव्या, विस्तीर्ण कोडमध्ये चुकाही निघाल्या. २०२३ मध्ये गूगलने सांगितलं, की लिनक्स कर्नलमधल्या त्रुटी शोधण्याच्या त्यांच्या बक्षीस योजनेत आलेल्या ६० टक्के हल्ल्यांनी आयओ-युरिंगचाच आधार घेतला होता. कंपनीने क्रोमओएसवर आणि स्वतःच्या सर्व्हरवर ते बंद केलं. त्याच वर्षीच्या लिनक्स ६.६ मध्ये ते बंद ठेवण्याची सोयही आली.

सिस्टिम कॉल ही खर्चाची जागा होती, तशीच तपासणीचीही. खर्च वाचवण्यासाठी ती टाळायची, तर तपासणी कुठे करायची हे रांगेची पहिली नोंद आखतानाच ठरवायला हवं. वेग नंतर वाढवता येतो. लाखो प्रोग्राम ज्यावर विसंबले आहेत, तो इंटरफेस मात्र सहजी बदलता येत नाही.