गणपती वर्गात, पूजा नाही
(लेखमाला : वर्गातला धर्म, भाग ६)

मागच्या भागात आपण इंग्लंडचा १९८८चा शिक्षण सुधारणा कायदा पाहिला. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्म हा विषय शिकवायलाच हवा. अनेक शाळांसाठी त्याचा अभ्यासक्रम स्थानिक पातळीवर ठरतो. त्यात ख्रिस्ती परंपरेला मुख्य स्थान असतं आणि देशातल्या इतर प्रमुख धर्मांची दखलही घ्यावी लागते. पालकांना नको असेल तर मूल तासाला बसत नाही. कायदा एवढं सांगून थांबतो. सहा वर्षांच्या मुलांसमोर उभं राहावं लागतं ते बाईंना. आज त्यांची अडचण.

वर्गात ख्रिस्ती, मुसलमान, शीख, हिंदू मुलं असतात, काहींच्या घरी कुठलाच धर्म नसतो. बाई स्वतः श्रद्धाळू असतीलच असं नाही. अशा वेळी सोपी वाट म्हणजे सणांची यादी: दिवाळीला पणत्या, ईदला शुभेच्छापत्रं, नाताळला नाटुकलं. मुलांची करमणूक होते, पण त्या घरांत लोक डोळे का मिटतात, हे कळत नाही.

यावर बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या एका प्रकल्पाने उपाय शोधला. मायकेल ग्रिमिट, जॉन हल आणि सहकाऱ्यांचं 'अ गिफ्ट टु द चाइल्ड' हे पुस्तक १९९१मध्ये प्राथमिक शिक्षकांसाठी निघालं. त्यांचं म्हणणं असं की, लहान मुलांना 'हिंदू धर्म' असा अख्खा विषय देऊ नका. त्या धर्मातली एकच जिवंत गोष्ट द्या. त्यांनी निवडलेल्या गोष्टींत मुसलमानांची अजान होती आणि आपला गणपतीही होता.

असा तास चार पायऱ्यांनी चढतो. आधी मुलांचं कुतूहल जागं करायचं. मग मूर्ती नीट न्याहाळायची: सोंड, मोठं पोट, हातातला मोदक, पायाशी उंदीर. तिसऱ्या पायरीवर ही मूर्ती कुणाच्या घरी असते, तिच्यापुढे कोण हात जोडतं, ते सांगायचं. शेवटी विचारायचं, तुमच्या वाटेत अडचण आली तर तुम्ही कुणाकडे जाता?

यातली तिसरी पायरी कळीची. पहिल्या दोन पायऱ्यांत मूल मूर्तीच्या अगदी जवळ जातं. तिसरीवर त्याला हलकेच मागे आणलं जातं: हा या लोकांचा देव आहे, तुला पाहता येईल, मानायची सक्ती नाही. त्यामुळे मुसलमान मुलाला अवघडल्यासारखं होत नाही आणि त्याच्या पालकांचा विश्वासही टिकतो. वर्गातल्या हिंदू मुलालाही आपला देव चेष्टेचा विषय झालेला दिसत नाही. चौथ्या पायरीवरचा प्रश्न मात्र सगळ्यांचाच असतो.

देवाला असं टेबलावर ठेवून अभ्यासायचं का, असा आक्षेप कुणी घेईल. तो अगदीच पोकळ नाही. बाईंना त्या परंपरेची जाण नसेल तर मूर्तीचं खेळणं व्हायला वेळ लागत नाही. पद्धतीचं यश शिक्षकाच्या तयारीवर आहे.

आपल्याकडे राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. पण एखाद्या धर्माचे विधी-उपासना शिकवणं वेगळं आणि धर्मांची ओळख करून देणं वेगळं, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये अरुणा रॉय खटल्यात मान्य केला आहे. म्हणजे दार बंद नाही. तरी आपल्या अनेक शाळांत दसऱ्याला सरस्वतीपूजन होतं, पण शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या घरी काय मानतात, यावर एक तासही होत नाही. हा क्रम उलटा आहे. शाळेने ओळख करून द्यावी, पूजा घरावर सोडावी.

अर्थात इंग्लंडनेही हे पुरतं साधलेलं नाही. तिथे शाळेत रोजच्या सामूहिक उपासनेची कायदेशीर अट आजही आहे. तिच्याविषयी पुढच्या आठवड्यात.