फड कुणी चालवला?

तमाशावर मराठीत भरपूर लिहून झालं आहे, पण त्यातलं बहुतेक शाहिरांवर. राम जोशी, होनाजी, सगनभाऊ, परशराम ही मालिका वाचकांना पाठ आहे. उमा-बाबू सावळजकरांच्या ‘मोहना-बटाव’पासून वगाची, म्हणजे तमाशातल्या नाट्याची, सुरुवात मानतात, हेही माहीत आहे. पट्ठे बापूराव आणि पवळा यांच्या कथा तर घरोघरी पोचल्या. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली, तमासगीरांनी दाद मागितली, बंदी उठली. या सगळ्यावर चांगली पुस्तकं आहेत. ती वाचावीत. मी तिथे रेंगाळत नाही.

मला लिहायचं आहे ते फड चालवणाऱ्यांविषयी. कवन कुणी रचलं, लावणी कुणी गायली याची नोंद आपण ठेवली. पण शंभर-सव्वाशे माणसं, ट्रक, तंबू, जनरेटर आणि चुलीवरचं मोठं भांडं घेऊन आठ महिने गावोगाव फिरायचं, रोज रात्री खेळ लावायचा आणि वैशाखाच्या अखेरीला प्रत्येकाचा हिशोब चुकता करायचा, हे कुणी केलं? ढोलकी फडाच्या गेल्या साठ-सत्तर वर्षांत हे काम करणाऱ्यांमध्ये सगळ्यात ठळक नावं बायकांची आहेत. हे मी जत्रा कमिटीच्या बैठकांतून, व्याख्यानांतून, जमेल तिथे बोलत आलो आहे. माझ्यावर ‘विठाबाईंचा माणूस’ असा शिक्का बसला आहे. तो मला मान्य आहे.

आमचं नेरे मुळशी तालुक्यातलं. हिंजवडी, मारुंजी, जांबे, कासारसाई ही शेजारची गावं. आयटी पार्क येण्याआधी इथे भातखाचरं होती आणि वर्षाचं कॅलेंडर जत्रांवर चालायचं. चैत्री पौर्णिमेला हिंजवडीच्या म्हातोबाचं बगाड, मग पुढे एकेका गावाची जत्रा. रात्री छबिना, त्यानंतर तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी, दुपारी कुस्त्यांचा आखाडा. हजेरी म्हणजे काय ते नव्या वाचकांसाठी सांगतो. रात्रभर खेळ केलेल्या कलाकारांनी सकाळी उन्हात, गावकऱ्यांसमोर पुन्हा उभं राहायचं. ना रोषणाई, ना पडदा. रात्रीची रंगभूषा अर्धी उतरलेली, डोळे लाल, आणि समोर गावातली जाणती म्हातारी माणसं मांडी घालून बसलेली. गाणारीचा गळा खरा किती आहे, ते हजेरीला कळायचं. माझ्या पिढीच्या कानांवर जे संस्कार झाले ते तिथे झाले.

तमाशा ठरवायला जायचं ते नारायणगावला. चाकण, राजगुरुनगर, मंचर मागे टाकलं की पुणे-नाशिक रस्त्यालगत राहुट्या दिसू लागत. पाडव्याच्या आसपास फडवाले तिथे राहुट्या टाकतात. बाहेर फलक, त्यावर मालकांचे आणि मुख्य कलावंतांचे फोटो, आत गादी, टेबल आणि तारखांची वही. गावोगावचे पुढारी येतात, तारीख मोकळी आहे का विचारतात, घासाघीस होते, सुपारी ठरते, विसार दिला जातो. वहीत गावाचं नाव चढलं की बोलणं संपलं. मॅनेजर बोलतो, पण शेवटचा आकडा ठरवताना आतल्या बाजूला बसलेल्या बाईंकडे एकदा बघतो. त्या किंचित मान हलवतात. त्यांच्या त्या होकारावर किती घरांच्या चुली अवलंबून असतात, हे समजायला मला बरीच वर्षं लागली.

फडाचं अर्थकारण असं आहे. दसऱ्याला फड बाहेर पडतो. सुरुवातीचे महिने तिकिटाचे खेळ, कनात लावून. पाऊस अवकाळी झाला, परीक्षा आल्या, गावात कुणी गेलं, की खेळ बुडतो. जेवण मात्र बुडत नाही. कलाकारांनी पावसाळ्यात घरखर्चाला उचल घेतलेली असते. ती देण्यासाठी मालकानं व्याजानं पैसे उभे केलेले असतात. हे सगळं फिटतं ते चैत्र-वैशाखातल्या सुपाऱ्यांवर. म्हणजे दीड महिन्यावर वर्ष तोललेलं. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि त्याच दिवशी देशभरची टाळेबंदी सुरू झाली. पुढच्या वर्षीचा चैत्रही गेला. दोन हंगामांचं व्याज अंगावर घेऊन फड पुन्हा उभे राहिले, ही गोष्ट कोणत्याही सांस्कृतिक अहवालात यायला हवी होती.

आता विठाबाईंकडे वळतो. जन्म १९३५चा, पंढरपूरचा, म्हणून नाव विठा. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला. वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावानं महाराष्ट्रभर नेला. जातीचं नाव फलकावर उघड लिहून, गावाचं नाव आडनावासारखं लावून हा फड वेशीवर उभा राहायचा आणि त्याच गावातली सगळी माणसं समोर येऊन बसायची. या फडात विठाबाई वाढल्या, आणि पुढे फलकावर त्यांचं स्वतःचं नाव आलं: विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर.

त्यांच्याविषयी एकच गोष्ट सगळे सांगतात. नऊ महिने भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. प्रेक्षकांनीच हात जोडून त्यांना विश्रांती घ्यायला लावली. गोष्ट खरी आहे, आणि ऐकताना अंगावर काटा येतो. पण पुण्यामुंबईतले काही लेखक विठाबाई म्हटलं की इथेच सुरू होतात आणि इथेच संपतात, त्यांच्याशी माझं जुनं भांडण आहे. त्या रात्री त्या परत का आल्या, हे ते विचारत नाहीत. नाव त्यांचं होतं. खेळ मोडला असता तर सुपारी गेली असती, आणि फडातल्या सगळ्यांचा दिवस गेला असता. फडाची मालकीण म्हणून त्या परत आल्या. त्यांच्या सोसण्यावर हळहळणं सोपं आहे. त्यांचा कारभार समजून घ्यायला जास्त कष्ट पडतात.

बोर्डावर त्या काय होत्या ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. गवळणीत थट्टा, वगात करारी संवाद, आणि लावणीला उभ्या राहिल्या की ढोलकीवाल्याशी नजरेनं चाललेला सवालजवाब. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. तरी १५ जानेवारी २००२ला त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांच्या मदतीतून भागवावं लागलं. त्यानंतर चार वर्षांनी राज्य सरकारनं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

त्यांच्या कन्या मंगलाताई बनसोडे लहानपणीच बोर्डावर आल्या, पुढे वेगळा फड काढून करवडीकर म्हणून नावारूपाला आल्या आणि मुलगा नितीनकुमार यांना बरोबर घेऊन तो चालवत राहिल्या. म्हणजे नारायण खुड्यांपासून मोजलं तर नितीनकुमार ही पाचवी पिढी, आणि त्याआधीच्या दोन पिढ्यांत कारभार बायकांकडे.

संगमनेरच्या कांताबाई सातारकरांची वाट निराळी. त्या तमासगीर घराण्यातल्या नव्हत्या. जन्म गुजरातेतला, आईवडील खाणीवर दगड फोडणारे. तुकाराम खेडकरांच्या फडात त्यांनी नाव मिळवलं. १९६४मध्ये खेडकर गेले आणि बाईंच्या हातून फडही गेला. पदरात लहान मुलं. त्यांनी दुसऱ्यांच्या फडात काम केलं आणि मग स्वतःचा फड पुन्हा बांधला. ‘रायगडची राणी’ वगात त्या शिवाजी महाराजांची भूमिका करत. मुलगा रघुवीर यांना त्यांनी सोंगाड्या म्हणून घडवलं, आणि फडाच्या नावात शेवटपर्यंत दोघांची नावं जोडीनं राहिली. २०२१च्या मे महिन्यात त्या गेल्या.

दक्षिणेकडे कवलापूरच्या काळू-बाळूंनी ‘जहरी प्याला’वर पिढ्या हसवल्या; त्यांच्यावर स्वतंत्र लेख हवा. इथे फक्त एवढंच, की त्यांचा फडही उभा होता तो वगावर.

माझा मुख्य मुद्दा इथे येतो. फड टिकतो वगामुळे. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी हे सगळं झाल्यावर मध्यरात्री वग सुरू व्हायचा आणि तांबडं फुटेपर्यंत चालायचा. वगाला राजा लागतो, प्रधान लागतो, म्हातारा बाप लागतो, लढाईला माणसं लागतात, झीलकरी लागतात. म्हणून शंभर माणसं लागतात, म्हणून फड लागतो, आणि म्हणून फड सांभाळणारी मालकीण लागते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर रात्री दहाची वेळ ठरली. सवलतीचे दिवस असले तर बारा. नियम कारखान्यांच्या आणि शहरांच्या त्रासातून झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यानं तमाशाचा नेमका तो भाग कापला ज्याच्यासाठी फड अस्तित्वात होता. उरली ती गाणी. गाण्यांना दहा मुली आणि एक ध्वनिमुद्रित संच पुरतो. मग जत्रा कमिटी म्हणते, एवढा मोठा फड कशाला?

लावणी महोत्सव भरवणाऱ्या मंडळींनी या घसरणीला हातभार लावला, असं माझं स्पष्ट मत आहे. वातानुकूलित नाट्यगृहात तासाभरात बारा लावण्या दाखवायच्या आणि त्याला तमाशा म्हणायचं. नुसत्या लावणीच्या संगीत बारीची परंपरा वेगळी, तिची थिएटरं वेगळी, तिचा मान वेगळा. ढोलकी फडाचा वग त्यात कुठे आहे? एका परिसंवादात मी हे बोललो, तेव्हा अध्यक्षांनी मला वेळ संपल्याची चिठ्ठी पाठवली.

स्पेनमधला फ्लामेंकोही तमाशासारखाच गावकुसाबाहेरच्या, जिप्सी वस्त्यांतून आलेला नाच. सभ्य लोक त्याला नाकं मुरडत. १९७८मध्ये तिथल्या सरकारनं राष्ट्रीय नृत्यसंस्था स्थापन केली, अंतोनियो गादेस हे पहिले संचालक झाले आणि त्यांच्यानंतर कोण कोण आलं त्याची नोंद सालवार मिळते. २०१०मध्ये युनेस्कोनं फ्लामेंकोला मानवजातीच्या वारशात स्थान दिलं. आपल्याकडे नारायणगावकरांच्या फडाचं काम पाच पिढ्या चाललं, सरकारी पगाराशिवाय, व्याजाच्या पैशावर. त्यांच्या तारखांच्या वह्या, वगांच्या हस्तलिखित प्रती, गावांच्या याद्या कुठल्या संग्रहालयात आहेत? वगाची वही सहसा एकच असायची, पेटीत, मालकांच्या ताब्यात. पेटी पावसात भिजली की वग गेला.

आमच्या नेऱ्यात आता खाचरांच्या जागी उंच इमारती आहेत. जत्रेची वर्गणी पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त जमते, आणि तमाशावरचा खर्च मात्र सगळ्यांना डोळ्यांत खुपतो. गेल्या बैठकीत तरुण मंडळींनी मोठ्या आवाजाच्या संचाचा आणि नाचाच्या कार्यक्रमाचा प्रस्ताव आणला. मी त्यांना एवढंच सांगितलं: पाडव्याला माझ्याबरोबर नारायणगावला चला, राहुटीत बसा, एका फडाची तारीख घ्या आणि मालकीणबाईंना आधीच सांगा की गाणी कमी चालतील, पण वग पुरा करा. संध्याकाळी सहाला पडदा उघडायची तयारी गावानं ठेवायची, म्हणजे दहाच्या आत वग संपतो. तिघे जण यायला तयार झाले आहेत.