राफ्टिंगला पाणी किती लागते?

कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टिंगला जाणाऱ्या अनेकांना ही मजा पावसाळ्याची वाटते. खरे तर तिथली राफ्ट चालते ती विजेच्या मागणीवर. मुळशी धरणाचे पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात येते, ही व्यवस्था 1927 पासूनची. टर्बाइन फिरवून झाले की ते कुंडलिकेत सुटते. सकाळी विसर्ग आला की राफ्ट पाण्यात पडतात; तो ओसरला की खडक उघडे पडू लागतात. म्हणून तर मे महिन्यातही तिथे राफ्टिंग होते.

नदी अशी माणसाच्या हातात असेल तर राफ्टिंगला नेमके किती पाणी लागते, हे मोजावे लागते. अमेरिकेत हे मोजण्याचे शास्त्र गेल्या चार दशकांत चांगले रुजले आहे. आपल्याकडे मात्र त्याबद्दल गैरसमजच जास्त.

गैरसमज: पाणी जितके जास्त, तितकी मजा जास्त.

पाणी कमी असेल तर राफ्ट दगडांना घासते, अडकते, उतरून ओढावी लागते. वाढत गेले की लाटा उभ्या राहतात, वाट मोकळी होते, गंमत येते. पण एका मर्यादेपलीकडे चित्र उलटते. काही रॅपिड, म्हणजे खळाळत्या उताराच्या जागा, पाण्याखाली गडप होऊन सपाट होतात. काही ठिकाणी खडकामागे असा भोवरा तयार होतो की त्यात सापडलेली राफ्ट सुटत नाही. दोन रॅपिडच्या मधले संथ पाणी नाहीसे होते आणि पडलेल्या माणसाला वर घ्यायला उसंत मिळत नाही. आलेखावर मांडले तर ही रेषा चढते, माथ्यावर थोडी रेंगाळते आणि उतरते. त्यामुळे उत्तर एका आकड्यात बसत नाही. किमान चालण्याजोगा प्रवाह वेगळा, उत्तम प्रवाहाचा पट्टा वेगळा. त्यातही आठ जणांच्या राफ्टला जे पाणी अपुरे, त्यात एकट्याची कयाक सहज निघते. नवख्यांच्या सहलीला जो विसर्ग योग्य, तो मुरलेल्या वल्हेकऱ्याला मिळमिळीत वाटतो.

गैरसमज: हे सगळे संगणकावर काढता येते.

नदीच्या पात्राचे छेद घेऊन खोली आणि वेग काढता येतो, आणि सुरुवातीला तेवढे उपयोगी पडतेही. जुन्या विसर्गाच्या नोंदी पाहणे, गाईडशी बोलणे, काठाने फिरून पाहणे, हेही लागतेच. पण धरणाखालच्या नदीत खरा निकाल लागतो तो नियंत्रित विसर्गाच्या चाचणीत.

ती अशी होते. धरणातून ठरवून एक विसर्ग सोडतात, समजा 600 क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. वेगवेगळ्या होड्या घेतलेली अनुभवी मंडळी नदीचा ठरलेला टप्पा पार करतात आणि खाली पोहोचताच, अंगावरचे पाणी निथळत असतानाच, प्रत्येक जण आपापला कागद भरतो: किती वेळा दगड लागला, किती वेळा अडकलो, कितीदा होडी ओढली, कुठे उचलून काठाने न्यावी लागली. हा प्रवाह स्वीकारार्ह वाटला का, याला गुण. मग विसर्ग वाढवायचा आणि त्याच माणसांनी पुन्हा उतरायचे. असे तीन-चार विसर्ग झाले की सगळ्यांची तुलना करून पुन्हा गुण. सरासरीची रेषा ‘नको’ ओलांडून ‘चालेल’मध्ये शिरते, तो किमान प्रवाह. माझ्या मते या पद्धतीचे बळ त्या ‘त्याच माणसांनी’मध्ये आहे. एकदाच आलेल्या पर्यटकाला विचारले तर तो आनंदातच असतो. त्याच्याकडे तुलनेला दुसरे काही नसते.

गैरसमज: राफ्टिंगसाठी सोडलेले पाणी वाया जाते.

कुंडलिकेत राफ्टला मिळते ते वीज देऊन झालेले पाणी, आणि पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यात ते पुन्हा वापरात येते. वेस्ट व्हर्जिनियातल्या गॉली नदीवर समर्सव्हिल धरणातला साठा हिवाळ्याआधी तसाही उतरवावा लागतो. 1986 च्या कायद्याने त्या पाण्याला वेळापत्रक दिले: शरद ऋतूत सहा आठवड्यांत किमान 20 दिवस, 2,500 क्युसेक.

दर वेळी इतके सोपे नसते, हेही सांगायला हवे. टेनेसीतल्या ओकोई नदीचे पाणी लाकडी पाटाने थेट वीजघराकडे नेले जाई आणि पात्र कोरडे पडे. 1976 मध्ये पाट नादुरुस्त झाला, पाणी नदीत आले आणि राफ्टिंग बहरले. पाट दुरुस्त झाल्यावर भांडण उभे राहिले, कारण तिथे नदीतले पाणी म्हणजे खरोखर बुडालेली वीज. शेवटी त्या विजेची भरपाई ठरली आणि वर्षाचे 116 दिवस नदीला मिळाले. तडजोड जमली, कारण दोन्ही बाजूंकडे आकडे होते.

गैरसमज: नदीत पाणी सोडले की नदीचे भलेच होते.

अवेळी सोडलेला लोंढा घातकही ठरतो. कॅलिफोर्नियातला पिवळ्या पायांचा एक बेडूक काठच्या उथळ, संथ पाण्यात दगडांना अंडी चिकटवतो. उत्तर फेदर नदीवर राफ्टिंगसाठी उन्हाळी विसर्ग सुरू झाले आणि अंडी व पिल्ले वाहून जाण्याचा धोका दिसला. नदीच्या एका टप्प्यात ते विसर्ग थांबवावे लागले. म्हणून राफ्टिंगची गरज मोजताना विसर्गाचा महिना आणि तो चढवण्या-उतरवण्याचा वेगही ठरवावा लागतो. एकदम बंद केलेल्या पाण्यात मासे डबक्यांत अडकतात. काठावर कपडे धुणाऱ्या, जाळे लावणाऱ्या माणसांचा जीव तर त्याहून आधी.

कोलाडला ही मोजणी लवकर करायला हवी. मुळशीचे पाणी मूळचे भीमेच्या खोऱ्यातले, आणि ते पूर्वेलाच सोडावे ही मागणी जुनी आहे, समजण्यासारखीही आहे. उद्या वाटप बदलले किंवा वीजनिर्मितीच्या वेळा बदलल्या, तर कोकणातल्या या पट्ट्यातल्या गाईडची, वाहनवाल्यांची, घरगुती खानावळींची गरज कुणी विचारात घ्यायची, तर ती कागदावर आकड्यांत असावी लागेल. धरण आणि वीजघर चालवणाऱ्यांनी काही दिवस ठरावीक विसर्ग द्यावेत, आणि रोज नदीत उतरणाऱ्या तिथल्या गाईडनी प्रत्येक फेरीनंतर तो कागद भरावा. एवढ्यावर सुरुवात होईल.