पेशीतला वजनकाटा – भाग ९ : ज्वारी कात्रीला दाद देत नाही

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी पावसावर येत नाही, ओलीवर येते. पावसाळा सरताना पेरायची, जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर वाढवायची, फेब्रुवारी-मार्चात काढायची. या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शेजारच्या मोहोळच्या संशोधन केंद्राने निवडलेली मालदांडी ३५-१ तर आपल्याकडे इतकी रुजली की गिऱ्हाईक दुकानात ‘ज्वारी’ न म्हणता ‘मालदांडी’च मागतं. खुद्द सोलापूर शहरात रब्बी ज्वारीवर काम करणारं केंद्रही आहे. त्यामुळे मागच्या भागात ज्या मास स्पेक्ट्रोमीटरची, म्हणजे रेणूंचं वजन करणाऱ्या यंत्राची, ओळख झाली, त्यात या वेळी ज्वारीचाच दाणा घालून बघू. आधीच सांगतो, दाणा यंत्राला सुखासुखी वश होत नाही. तो अडतो कुठे, त्याचीच ही गोष्ट.

मागचा भाग चुकलेल्यांसाठी थोडी उजळणी. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या मण्यांची माळ. या मण्यांना अमिनो आम्लं म्हणतात. पेशीत अशा हजारो माळा गुंतलेल्या असतात. अख्खी माळ ओळखणं अवघड, म्हणून ट्रिप्सिन नावाच्या विकराने तिचे तुकडे करायचे. हे विकर कात्रीसारखं चालतं, पण वाटेल तिथे कापत नाही. लायसीन किंवा अर्जिनीन हा मणी आला की त्याच्या पुढे कापतं. तयार झालेले तुकडे द्रावणातून बारीक फवाऱ्याने उडवायचे, म्हणजे ते विद्युतभारित होऊन यंत्रात शिरतात. ही फवाऱ्याची युक्ती जॉन फेन यांची. आपल्या नोबेल व्याख्यानाच्या शीर्षकातच त्यांनी या अवजड रेणूंना हत्ती म्हटलं आणि फवाऱ्याला त्यांचे पंख. त्यांच्याबरोबर २००२ चं रसायनशास्त्राचं नोबेल वाटून घेणारे कोइची तानाका हे क्योतोच्या शिमाद्झू कंपनीतले इंजिनिअर. त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती. कोबाल्टच्या भुकटीत चुकून ग्लिसरीन पडलं, भुकटी महाग म्हणून टाकवेना, तसंच वापरलं आणि लेझरच्या माऱ्यातही अवजड रेणू न फुटता उडाला. काटकसरीतून निघालेला शोध म्हणून मला तो विशेष आवडतो.

उडालेल्या तुकड्याचं आधी वजन होतं, मग त्याला वायूच्या रेणूंवर आपटून फोडलं जातं आणि फुटलेल्या भागांचीही वजनं होतात. मार्केट यार्डात कांद्याचा ट्रक आधी भरलेला काट्यावर घेतात, मग रिकामा. वजाबाकी केली की माल कळतो. इथेही तसंच. लागोपाठच्या दोन भागांच्या वजनात ५७ चा फरक आला तर मधला मणी ग्लायसीन, ७१ चा आला तर ॲलॅनीन. अशा वजाबाक्यांतून मण्यांचा क्रम लागतो, आणि संगणक तो त्या सजीवाच्या जनुकांच्या यादीशी ताडून पाहतो. ज्वारीच्या जनुकांची यादी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि पवईच्या आयआयटीत अशी यंत्रं आहेत.

आता दाणा. त्यात दहा टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात आणि त्यांतला मोठा वाटा काफिरिन या एकाच कुळाचा. दाण्याच्या पिठूळ भागातल्या पेशींमध्ये, पिष्टाच्या कणांच्या सांदीत, काफिरिनच्या गोळ्या ठासून भरलेल्या असतात. एकेक गोळी एक-दोन मायक्रॉनची. काफिरिन पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं.  नुसत्या पाण्याने हे प्रथिन दाण्याबाहेर येत नाही.

बाहेर काढलं, ट्रिप्सिन घातलं, आणि इथे गाडी अडते. काफिरिनमध्ये लायसीन जवळजवळ नाहीच, अर्जिनीनही मोजकंच. कात्रीला कापायला जागा सापडत नाही. जे तुकडे पडतात ते फार लांब, यंत्राला न पेलणारे. दाण्यात सगळ्यांत जास्त असलेलं प्रथिन निकालाच्या यादीत फिकं दिसतं, आणि त्याहून कितीतरी कमी असलेली प्रथिनं ठळक दिसतात. यादीतला आकडा म्हणजे दाण्यातलं प्रमाण असं समजून चालणारा इथे हमखास फसतो. मग अभ्यासक कात्री बदलतात. कायमोट्रिप्सिन हे दुसरं विकर ल्युसीन, फिनाइलॲलॅनीन अशा मण्यांपाशी कापतं, आणि ल्युसीन काफिरिनमध्ये भरपूर आहे. पण इथे वेगळाच घोळ होतो: ल्युसीन आणि आयसोल्युसीन या दोघांचंही वजन ११३, अगदी तंतोतंत. नुसत्या वजनावर हे जुळे ओळखता येत नाहीत. जनुकांची यादी हाताशी नसेल तर उत्तर अर्धवट राहतं.

ज्या लायसीनवाचून यंत्र अडतं, त्याच लायसीनची उणीव आहारतज्ज्ञ ज्वारीबद्दल सांगत आले आहेत. आपलं शरीर लायसीन बनवू शकत नाही, ते अन्नातूनच घ्यावं लागतं. डाळींत ते भरपूर असतं. म्हणून भाकरीबरोबर पिठलं किंवा आमटी, ही जोडी जमलेली आहे. मात्र एक गल्लत टाळायला हवी. ट्रिप्सिन आपल्या आतड्यातही असतं हे खरं. पण पचनात ते एकटं नसतं, जठरात पेप्सिन आणि आतड्यात कायमोट्रिप्सिनही कामाला असतं. यंत्राला जे जमलं नाही ते पोटालाही जमणार नाही, असा निष्कर्ष काढू नये.

पोटाची अडचण वेगळी आहे. ज्वारी पाण्यात शिजवली की तिचं प्रथिन पचायला आणखी कठीण होतं. आपला अनुभव असा की शिजलेलं हलकं, पण ज्वारीच्या प्रथिनाची गोष्ट उलटी. काफिरिनच्या गोळीत आत अल्फा जातीचं प्रथिन असतं आणि वरच्या सालीत बीटा आणि गॅमा जातीचं. गॅमामध्ये सिस्टीन हा गंधकवाला मणी पुष्कळ. उष्णता आणि पाणी मिळालं की एका माळेचं गंधक दुसऱ्या माळेच्या गंधकाला जखडतं. साल घट्ट विणली जाते आणि पाचक विकर आतल्या अल्फापर्यंत पोचत नाही. ही वीण वजनावरूनही पकडता येते. जोड न सोडवता तुकडे केले, तर जखडलेले दोन तुकडे एकत्रच काट्यावर येतात, आणि त्यांचं वजन दोघांच्या बेरजेहून दोनने कमी भरतं, कारण जोड होताना हायड्रोजनचे दोन अणू निघून जातात. जोड सोडवणारं रसायन घातलं की तेच तुकडे सुटे होऊन वेगवेगळे दिसतात.

भाकरीच्या पिठाला उकळतं पाणी घालून मळतात, तेव्हा चिकटपणा येतो तो पिष्टामुळे. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नाही. तव्यावर त्यातल्या काफिरिनचं काय होतं, हे त्या सालीच्या विणीवर ठरतं. आंबवल्याने मात्र ज्वारीचं प्रथिन पचायला बरंच सोपं होतं, असं सुदानमधल्या किसरा या आंबवलेल्या ज्वारीच्या पातळ भाकरीच्या अभ्यासात दिसलं आहे. आपल्याकडची आंबील त्याच जातीची. पुढच्या आठवड्यात तिचाच विचार करू. तुमच्या घरी आंबील ज्या पद्धतीने करतात, किती तास आंबवतात आणि ताक कधी घालतात, ते जरूर लिहून कळवा.