जखम भरतच नाही? नॅनोफायबरची परांची समजून घेऊ

तळीये म्हटलं की लोकांना २२ जुलै २०२१ ची दरड आठवते. आज मात्र याच महाड-पोलादपूर पट्ट्यातली, बातमीत न येणारी गोष्ट. लावणीच्या चिखलात राबलेला पाय, त्यात जुनी शुगर, आणि तळव्याला महिनोन्‌महिने न भरणारी जखम. गावाकडे आजोबांच्या पायाला अशी पट्टी बघितली असेल, तर हा भाग तुमच्यासाठी.

साधी जखम कशी भरते? रक्त गोठतं, मग सूज येते, म्हणजे पांढऱ्या पेशी साफसफाई करतात. नंतर नव्या पेशी कोलॅजनच्या बारीक जाळीवरून सरकत खड्डा भरतात. जुनाट जखम सुजेच्या टप्प्यातच अडकते. आपल्या कोडिंगच्या भाषेत, इन्फिनिट लूप! सफाईसाठी सुटलेली एन्झाइम्स नवी विणलेली जाळीच कुरतडत राहतात. पेशींना पाय ठेवायला परांचीच उरत नाही.

नॅनोफायबर स्कॅफोल्ड म्हणजे बाहेरून दिलेली तात्पुरती परांची. पॉलिमरचं द्रावण सिरिंजमध्ये भरायचं आणि सुईला दहा-वीस हजार व्होल्ट द्यायचे. टोकावरचा थेंब शंकूसारखा ताणला जातो, त्यातून धार निघते, हवेत वळवळते, द्रावक उडून जातो आणि समोरच्या पत्र्यावर धाग्यांचा पातळ थर जमतो. जत्रेतले बुढ्ढी के बाल आठवा, फक्त तिथे गरगर फिरवतात, इथे काम वीज करते. धागा काहीशे नॅनोमीटरचा, आपल्या केसाच्या शंभराव्या भागापेक्षाही बारीक, म्हणजे शरीरातल्या कोलॅजनच्या मापाचा. पेशींना तो ओळखीचा वाटतो. हवा आणि वाफ जाते, बहुतेक जंतू अडतात.

हे फक्त लॅबमधलं नाही बरं का. अमेरिकेत ‘रेस्ट्राटा’ नावाची अशी जाळी २०१७ पासून मान्यताप्राप्त आहे. तिचे धागे विरघळणाऱ्या टाक्यांसाठी वापरतात त्याच पदार्थांचे. अडचणही आहे: विणकाम इतकं दाट की पेशींना आत खोल शिरायला त्रास होतो. आणि किंमत!

किंमतीवरून आठवलं. मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाचं ड्रेसिंग वापरलं, २००३ मध्ये त्यावर शोधनिबंधही आले. पान गुळगुळीत, जखमेला चिकटत नाही, त्यामुळे पट्टी बदलताना रुग्ण ओरडत नाही. (घरी करू नका हां, तिथे पानं निर्जंतुक केलेली असतात. शिवाय ती भाजलेली कातडी होती, शुगरची जखम नव्हे.) माझ्या मते ड्रेसिंगचा विचार इथून सुरू व्हायला हवा: गरीब माणसाला परवडेल का?

आता खरं सांगतो. शुगरने नसा बधिर झाल्या की खडा रुतलेलाही कळत नाही, आणि माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. तिथे कितीही भारी जाळी लावा, रोज चिरडली जाणार. आधी पायावरचा भार काढायचा, रक्तपुरवठा तपासायचा, शुगर आणि जंतुसंसर्ग आटोक्यात आणायचा, मेलेली कातडी डॉक्टरांकडून साफ करून घ्यायची. जाळीचा नंबर त्यानंतर.

तुम्ही मुंबई-पुण्यात असाल तर एक काम लगेच करता येईल. घरच्यांना सांगा, दर आठवड्याला जखमेचा फोटो पाठवा, शेजारी, जखमेला न टेकवता, दहा रुपयांचं नाणं ठेवून. चार आठवड्यांत आकार निम्म्यावर आला नाही, तर पट्ट्या बदलत बसू नका, सर्जनला दाखवा. पाय काळा पडला, वास आला किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी.