सामाईक भिंत आणि शेजारधर्म

भिंतीलाही कान असतात, असे आपण म्हणतो. ही म्हण रूढ झाली त्या काळच्या भिंती हातभर जाड होत्या. आज आपल्या शहरात जिच्या दोन्ही अंगांना दोन संसार चाललेले असतात, त्या भिंतीला कानच काय, तोंडही आहे. शेजारी कुकरची तिसरी शिट्टी झाली, की आपल्या घरातले कोणीतरी गॅस बंद करायला उठते! हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट खरी. पण ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, तान्हे मूल आहे, दहावीचे पोर अभ्यासाला बसले आहे, त्याला हसू येत नाही. म्हणून या प्रश्नाचा जरा नीट विचार करू.

घरे पूर्वीही जवळजवळच होती. मलिक अंबराने १६१० साली खडकी वसवली, तिचेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले. गुलमंडी, शहागंज या जुन्या भागांतल्या गल्ल्या अरुंदच. पण जुना वाडा गल्लीकडे पाठ करून आतल्या चौकाकडे तोंड करून बसलेला असे. भिंती दगडमातीच्या, वर माळवद. घरातला आवाज चौकात घुमायचा आणि वरच्या वर आभाळात विरायचा. १९७० च्या दशकापासून सिडकोने नवे शहर आखले. नोकरदाराला, कामगाराला स्वतःचे घर मिळाले; हे काही लहानसहान काम नव्हे. परंतु ओळीतली घरे म्हटली, की दोन घरांत एकच भिंत आली. जागा वाचली, खर्च वाचला, आणि आवाज मात्र वाटून घ्यावा लागला.

हा आवाज आपल्याकडे येतो तरी कसा? त्याच्या वाटा दोन. पहिली हवेची. बोलणे, गाणे, टीव्ही हे हवेतून येऊन भिंतीवर आदळतात. भिंत जितकी जड तितका आवाज जास्त अडतो. गिलावा केलेली नऊ इंची विटेची भिंत सुमारे ५० डेसिबल आवाज अडवते, साडेचार इंची सुमारे ४५. फरक थोडा वाटतो, पण आवाज दहा डेसिबलने वाढला की आपल्या कानाला तो दुप्पट भासतो. मात्र भिंत कितीही चांगली असो, तिला भोक असले की सारे मुसळ केरात. दोन्ही घरांचे विजेचे बोर्ड पाठीला पाठ लावून बसवलेले असतात. तिथे विटेची जाडी उरतेच किती? उन्हाळ्यात खिडक्या सताड उघड्या असतात, तेव्हा तर भिंतीचा उपयोगच संपला.

दुसरी वाट भिंतीतूनच जाते. खलबत्त्याचा ठोका, भिंतीत रोवलेल्या ओट्यावरचा मिक्सर, लोखंडी स्टँडवरचा कूलर, पाण्याची मोटर यांचा कंप विटांतून सरळ पलीकडे उतरतो. इथे भिंत जाड करून फारसे साधत नाही. कंप पावणारी वस्तू आणि भिंत यांची गाठच तोडावी लागते. मिक्सरखाली रबराचा जाड तुकडा किंवा घडी घातलेले गोणपाट ठेवावे. कूलरच्या पायांखाली रबर द्यावे, स्टँड भिंतीपासून चार बोटे दूर घ्यावा. टीव्ही आणि स्पीकर सामाईक भिंतीवर टांगू नयेत, समोरच्या भिंतीशी ठेवावेत. त्या भिंतीला पुस्तकांचे वा कपड्यांचे भरलेले कपाट लावले, तर तेही थोडे कामाला येते.

यातून एक गोष्ट ध्यानात येईल. ज्याच्या घरी कूलर चालतो, त्याला खिडकीतून गार वारा लागतो. त्याचा घरघराट शेजाऱ्याच्या उशाशी असतो. आवाज करणाऱ्याला पुष्कळदा आपल्या आवाजाची कल्पनाच नसते. आपल्या शहरात वर्षानुवर्षे नळाला काही दिवसांच्या अंतराने, कधी अवेळी पाणी आले आहे. मध्यरात्री मोटर लावणारा खोडसाळ नसतो, त्यालाही हंडे भरायचे असतात. म्हणून डोके तापले असताना दार ठोठावू नये, आणि कॉलनीच्या व्हॉट्सॲप गटावर टोमणा तर मुळीच मारू नये. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जावे. “वहिनी, पोराची परीक्षा आहे, रात्री दहानंतर टीव्ही जरा लहान ठेवाल का?” एवढे पुरते. तुम्ही फार गोंगाट करता, असे म्हटले की भांडण होते. अमुक वेळ सांभाळा, असे म्हटले की तोडगा निघतो. त्याहून उत्तम म्हणजे शेजाऱ्याला चहाला बोलवावे आणि त्याच्याच घरचा मिक्सर आपल्या खोलीत बसून त्याला ऐकवावा!

तरीही न ऐकणारा भेटतोच. त्याच्यासाठी कायदा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सणासमारंभासाठी मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. बांधकामाची आवाज करणारी यंत्रेही निवासी भागात रात्री चालवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली स्पष्ट केले, की बोलण्याचा हक्क असला तरी दुसऱ्याला ऐकण्याची सक्ती करता येत नाही. तेव्हा लग्नाचा डीजे रात्री बारालाही थांबत नसेल, तर ११२ वर पोलिसांना कळवण्यात कसला संकोच?

पण कायद्याची रात्र दहाला सुरू होते आणि सहाला संपते. चिकलठाण्याच्या किंवा वाळूजच्या कारखान्यातून रात्रपाळी करून जो सकाळी घरी येतो, त्याची रात्र तर सकाळी नऊला सुरू होते. त्या वेळी शेजारी ओट्यावर मसाला वाटला जातो, अंगणात मुले खेळतात, कोणी भिंतीत खिळा ठोकतो. यातले काहीच बेकायदा नाही. पण झोप न झालेला हा माणूस त्या रात्री पुन्हा यंत्रासमोर उभा राहणार असतो, आणि त्याचे हात त्या यंत्रापाशी असतात. त्याच्या झोपेची राखण कोणत्याही नियमाने होणार नाही. ती शेजारच्या बाईने मिक्सर दुसऱ्या खोलीत नेला तर होईल, भिंतीपलीकडच्याने खिळा संध्याकाळी ठोकला तर होईल. मात्र त्यासाठी पलीकडे कोण केव्हा झोपते, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. शेजाऱ्याची पाळी कोणती, एवढे विचारून ठेवायला कितीसा वेळ लागतो?