जामा, तलवार आणि डाकारचा कॅमेरा

भिवंडीत वाढलेल्या माणसाची नजर फोटोतल्या चेहऱ्याआधी कापडावर जाते. घराच्या दोन्ही बाजूंना माग चालू, गल्लीत सायझिंगहून आलेली बीमं आणि टेम्पोत रचलेले ग्रे कापडाचे तागे, एवढ्यात लहानपण गेलं की सवयच तशी लागते. हे ग्रे कापड पुढे गुजरात-राजस्थानातल्या प्रोसेस हाऊसकडे रंगायला जातं आणि मग कुणाच्या अंगावर चढतं, याचा विणणाऱ्याला पत्ता नसतो. मला मात्र तो पत्ता शोधण्याचा नाद लागला. त्या नादातच कधीतरी बामाकोच्या सेदू केईताचे फोटो हाती लागले, आणि गेली कित्येक वर्षं आफ्रिकी फॅशन फोटोग्राफीनं मला सोडलेलं नाही.

केईतानं 1948 मध्ये माली देशातल्या बामाको शहरात रेल्वे स्टेशनाजवळ स्टुडिओ थाटला. गिऱ्हाइकामागे पडदा म्हणून त्यानं आपल्या पलंगावरची झालरीची चादर टांगली. पुढे बाईच्या अंगावर ठसठशीत नक्षीचं लुगडं, मागे नक्षीचीच चादर. शास्त्र सांगतं की अशानं माणूस हरवून जाईल. केईताच्या फोटोत नेमकं उलट होतं, त्या गर्दीतून चेहरा आणि हात पुढे येतात. सूट, घड्याळ, पेन, रेडिओ, स्कूटर असं सगळं तो स्टुडिओत ठेवी आणि ज्याला जसं दिसायचं असेल तसं त्याला सजवी. पडदा दोन-तीन वर्षांनी बदले, त्यामुळे कुठला फोटो कुठल्या सालचा हे नंतर पडद्यावरून ठरवता आलं. एवढ्या तोलामोलाच्या कलावंताचे फोटो 1991 मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात लागले ते ‘छायाचित्रकार अज्ञात’ अशा चिठ्ठीखाली. या गोष्टीची चीड मला अजून येते.

पुढचा प्रवास वाचकांना साधारण ठाऊक असेल. मालिक सिदिबेनं बामाकोच्या तरुणाईच्या नाचगाण्याच्या रात्री टिपल्या आणि 2007 मध्ये व्हेनिस बिएनालेचा गोल्डन लायन मिळवला. सॅम्युएल फोसोनं वयाच्या तेराव्या वर्षी मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या बांगीत स्टुडिओ काढला, दिवसाचं गिऱ्हाईक संपलं की उरलेल्या फिल्मवर स्वतःचेच फोटो काढले आणि 2008 च्या मालिकेत तर माल्कम एक्स, अँजेला डेव्हिस अशा व्यक्तींची रूपं स्वतः घेतली. लागोसपासून माराकेशपर्यंत आज जे तरुण फोटोग्राफर आणि स्टायलिस्ट जगभरच्या मासिकांची पानं भरताहेत, ते याच स्टुडिओंचे वारस आहेत. त्यांच्यातल्या एकापाशीच मला थांबायचं आहे, कारण त्याच्या कामात मला आपला मुलूख सापडला.

ओमर व्हिक्टर दिओप. जन्म 1980, गाव सेनेगलमधलं डाकार. 2011 च्या बामाको महोत्सवात टाकाऊ वस्तूंपासून बनवलेल्या पोशाखांची त्याची फॅशन-मालिका गाजली. 2014 मध्ये स्पेनच्या मालागा शहरात राहत असताना त्यानं ‘प्रोजेक्ट डायस्पोरा’ सुरू केला. आफ्रिकेबाहेर जाऊन मोठ्या झालेल्या आफ्रिकी माणसांची जुनी चित्रं शोधायची, तसा पोशाख करायचा, तशी बैठक घ्यायची आणि आपणच त्या माणसाच्या जागी उभं राहायचं. व्हेलास्केथनं रंगवलेला हुआन दे पारेहा त्यात आहे, फ्रेंच राज्यक्रांतीतला बेले आहे. आणि त्याच रांगेत, अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर आहे!

हे नाव पाहिलं तेव्हा मी पान उलटायचं विसरलो. हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनेत आलेला, निजामशाहीच्या पेशव्यानं, चंगीजखानानं, विकत घेतलेला हा माणूस. खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवणारा, नहर बांधणारा, जमीनमहसुलाची घडी घालणारा, 1624 मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा एकदम मोडणारा. मालोजी-शहाजींच्या संदर्भात आपण त्याला शाळेतच भेटतो. पण तो दिसायचा कसा, अंगात काय घालायचा, हा प्रश्न आपल्याला पडला नाही. तो डाकारच्या एका फोटोग्राफरला पडला.

उत्तर मोगल चित्रशाळेत आहे, आणि तेही दोन तोंडांचं.

पहिलं चित्र अबुल हसनचं, साधारण 1616 चं, आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. गोल बैलाच्या पाठीवर, बैल माशाच्या पाठीवर. बादशहाच्या हातात ताणलेलं धनुष्य. समोर भाल्याच्या टोकावर खोचलेलं अंबरचं मुंडकं, त्यात बाण घुसलेला. मुंडक्यावर घुबड बसलेलं, दुसरं मरून खाली पडताना दाखवलेलं. वर आकाशातून देवदूत शस्त्रं पुरवताहेत. बारकाव्यानं खच्चून भरलेलं, अप्रतिम रंगवलेलं चित्र, आणि त्यातली मुख्य घटना साफ खोटी. जहांगिराला अंबर कधी सापडला नाही. अंबर 1626 मध्ये, ऐंशीच्या घरात, मोगलांना पुरून उरून वारला. रणात जमलं नाही ते बादशहानं कागदावर करवून घेतलं. आत्मचरित्रातही तो अंबरचं नाव शिवी जोडल्याशिवाय घेत नाही, आणि त्या शिव्यांचा रोख बहुतेक वेळा अंबरच्या रंगावर असतो.

या चित्रात अंबरला अंगच नाही, म्हणजे कपडेही नाहीत. ज्याची प्रतिष्ठा काढून घ्यायची त्याचा पोशाख आधी काढून घ्यायचा, हे त्या दरबाराला चांगलं कळत होतं.

दुसरं चित्र हाशिमचं, साधारण 1620 चं, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात. तीच मोगल चित्रशाळा, तोच शत्रू. पण इथे अंबर अख्खा आहे. एका बाजूनं दिसणारा चेहरा, भारदस्त देह, डोईला पागोटं, अंगात पांढरा जामा, जवळ तलवार. मी सर्वांत जास्त वेळ त्या जाम्याकडे पाहत राहिलो. त्या काळचे चित्रकार तलम सुती जामा रंगवताना पांढऱ्याचा इतका पातळ हात फिरवत की खालचं अंग झिरपून दिसावं. अंबरच्या काळ्या कातडीवर तो पांढरा रंग असा काही उठतो की शत्रूच्या चित्रकारानंही कापड आणि माणूस या दोघांचा मान राखलाय हे लपत नाही. हाशिम मूळचा दख्खनी कलमाचा असावा असं अभ्यासक मानतात. मला ते पटतं. अंबरला मुंडकं म्हणून पाहणं दख्खनच्या माणसाला जड गेलं असणार.

पोशाखाचं राजकारण मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. बादशहानं दिलेली खिलत अंगावर चढवणं म्हणजे त्याची चाकरी कबूल करणं. 1666 मध्ये आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांनी खिलत झिडकारली तेव्हा सगळा दरबार का हादरला, ते यावरून कळतं. अंबरनं मोगलांची चाकरी पत्करली नाही. हाशिमच्या चित्रातला जामा म्हणूनच मला कुणाच्या मेहेरबानीचा वाटत नाही, तो अंबरचा स्वतःचा आहे.

दिओप नेमका हाच धागा उचलतो. या मालिकेत त्यानं जुन्या पोशाखांच्या सोबतीला फुटबॉलच्या वस्तू दिल्यात: कुठे चेंडू, कुठे गोलकीपरचे हातमोजे, कुठे बूट, कुठे रेफरीचं कार्ड. युरोपच्या मैदानात आफ्रिकी खेळाडूनं गोल केला की स्टेडियम डोक्यावर घेतं, आणि त्याच स्टेडियममधून त्याच्या रंगावरून हुर्योही उठते, ही विसंगती त्याला दाखवायची आहे. एकाच चित्रशाळेतून निघालेलं अबुल हसनचं मुंडकं आणि हाशिमचा सेनानी यांच्यात तरी दुसरं काय आहे? दिओपचं स्टायलिंग सजावटीच्या पुष्कळ पुढे गेलेलं आहे. तो चारशे वर्षांपूर्वीच्या भांडणात अंबरच्या बाजूनं साक्ष द्यायला उभा राहतो, आणि ती साक्ष अंगावरच्या कापडानं देतो.

याच मालिकेत इखलासखानही आहे, विजापूरच्या महंमद आदिलशहाचा हबशी वजीर. इथे माझं भिवंडीकर मन उसळलं. अंबरच्या हयातीत उत्तर कोकण निजामशाहीत होतं. 1636 च्या तहात निजामशाही बुडाली आणि कल्याण-भिवंडी आदिलशाहीकडे, म्हणजे इखलासखानाच्या धन्याकडे गेली. ऑक्टोबर 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी ती घेतली. डाकारच्या एका कलावंतानं निवडलेली ही दोन्ही माणसं एकामागून एक माझ्या गावावर हुकमत असलेल्या राज्यांचे कारभारी होती. आणि आफ्रिकेशी या किनाऱ्याचा कापडाचा संबंध त्याहूनही पुष्कळ जुना. पेरिप्लस या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक खलाशी-ग्रंथात कल्याण बंदराचं नाव आहे, आणि हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून आफ्रिकेच्या शिंगाकडे जाणाऱ्या मालात सुती कापडाची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन यादवी युद्धानंतर झांजिबारच्या बाजारात अमेरिकन ‘मेरिकानी’ कापडाची जागा मुंबईच्या गिरण्यांनी घेतली. आजही पूर्व आफ्रिकेतल्या बायकांचे कांगा आणि किटेंगे गुजरातेतल्या जेतपूरला छापले जातात.

म्हणजे कापड इकडून तिकडे गेलं आणि माणसं तिकडून इकडे आली. कापडाचा हिशेब आपण वह्यांत नीट ठेवला, माणसांचा ठेवला नाही. अंबरवर मराठीत लिहिलं गेलंय, पण त्याचं रूप आपल्या डोळ्यांसमोर आणायचं काम आपल्या चित्रकारांनी, नेपथ्यकारांनी, सिनेमावाल्यांनी अंगावर घेतलं नाही. घेतलं तेव्हा दुय्यम पात्र म्हणून. माझ्या मते ही मोठी चूक आहे. ती दुरुस्त करायला पैसा फारसा लागत नाही. हाशिमचं चित्र आणि दिओपचा फोटो शेजारी-शेजारी छापलेलं एक पान पाठ्यपुस्तकात घालता येईल. अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) किंवा छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या संग्रहालयाला दिओपचे अंबर आणि इखलासखान हे दोन फोटो मागवून पंधरा दिवसांचं प्रदर्शन भरवता येईल. भिवंडीत ते भरलं तर जाम्यासाठी लागेल तेवढं सुती कापड आमच्याच मागांवर विणून देता येईल, आणि त्यासाठी मागवाल्यांकडे शब्द टाकायला मी तयार आहे.

तोवर एवढं करा. या सुटीत वेरूळला जाल तेव्हा वाटेत खुलताबादला थांबा. औरंगजेबाची कबर पाहायला सगळेच थांबतात. मलिक अंबरचा मकबरा त्याच गावात आहे. तिथेही जाऊन या, आणि सोबत मुलं असतील तर त्यांना हाशिमचं चित्र मोबाइलवर काढून दाखवा.